पाचगणीचा अ‍ॅपल पाय

"मानवजातीने आजवर भाजलेले सगळे अ‍ॅपल पाय फिके पडतील, असा पाय करायला मी आज शिकणार!" स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मनोहरपंतांनी जाहीर केलं. मग मैद्याचा डबा कुठे असतो, ते बायकोला विचारलं.

"खालच्या फळीवर," इंदुताई खाटेवरून म्हणाल्या. "अहो, तो नव्हे. ती तांदळाची पिठी आहे."

इस्पितळातून घरी आल्यापासून त्यांनी दोन घासांपलीकडे काही घेतलं नव्हतं. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर परत दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काय खावंसं वाटतं, असं खोदून विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "लग्नानंतर पाचगणीला खाल्ला होता ना, तसा पाय."

पंतांनी आयुष्यभर पाहिलेली कणीक एकच, पोळीची. त्यांनी मैदाही तसाच मळला, तेलाचा हात लावून चांगला तिंबला आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. संध्याकाळी ओव्हनमधून पाय निघाला. त्यावर सुरी दाबली, तर सुरी वाकली.

"अहो, पोळ्या लाटायच्या होत्या का?" इंदुताईंना हसू फुटलं आणि हसता हसता खोकला आला.

पंत वाकलेल्या सुरीकडे बघत राहिले. "उद्या पुन्हा करतो," ते म्हणाले. उद्या काय आहे, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"उद्याचं उद्या. आता ते वरचं झाकण उचला, आणि आतलं सफरचंद तेवढं वाटीत काढून द्या."