लाल अक्षरं

समुद्र खवळणार असल्याचा इशारा पोथप्पनने पहाटेच घरच्या सर्व्हरवर लाल अक्षरांत चढवला होता. बंदरातल्या साठ होड्या त्याचीच वेबसाइट बघून निघत. तो ती सारखी उघडून पाही. अक्षरं जागच्या जागी.

“रात्री वीज जाऊन आली, तेव्हापासून एकाचाही फोन नाही. एरवी डोकं खातात तुमचं,” बायको त्रेसिया म्हणाली.

“दिसतंय ना सगळं, मग कशाला करतील?”

त्रेसियाने आपल्या मोबाइलवरचं घरचं वायफाय बंद केलं. वेबसाइट उघडेना. वीज आली तेव्हा घरच्या इंटरनेटचा आयपी नंबर बदलला होता आणि बाहेरचे फोन साइट जुन्याच नंबरावर शोधत होते. आता इशारा घराबाहेर कुणालाच दिसत नव्हता.

पोथप्पनने मेहुण्याला फोन लावला. पलीकडे होडीचं इंजिन धडधडत होतं.

“साइट बंद आहे तुमची, दाजी. पण धोका असता तर तुम्ही बंदरावर धावत आला असतात, असं मीच सगळ्यांना सांगितलं!”