पहिला हात

"उस्ताद, ह्यातला कोणता घ्यावा?"

राजपालने मोबाइल पुढे केला. पडद्यावर कॉम्प्युटर गार ठेवणारे चार लिक्विड कूलर होते. चारही काळे, चारही महाग.

श्रीमंतने चष्मा नाकावर नीट बसवून पाहिलं. कमलनगरात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. राजपाल त्याच्याच हाताखाली शिकला आणि दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, स्वतःचा स्टुडिओ थाटून बसला. आता नवा कॉम्प्युटर आणला होता. श्रीमंतच्या मशिनीचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा आणि हा पठ्ठ्या प्रोसेसर पाण्याने गार करायला निघाला होता. श्रीमंतच्या पोटात दुखायला लागलं.

"तीन पंख्याचा तुझ्या डब्यात बसणार न्हाई. दोन पंख्याचा घे. रेडिएटर वर डब्याच्या छताला बसव, म्हंजे पंपात हवा अडकत न्हाई."

सल्ला त्याने खरा दिला. धंद्यातलं खोटं त्याच्या तोंडून निघतच नसे.

"मग बसवायला तुमीच या. आपल्या मशिनीला आपला पहिला हात लावू नये, तुमचाच नियम हाय."

नियम श्रीमंतचाच होता. नव्या वस्तूला धन्याचीच नजर आधी लागते, म्हणून पहिली जोडणी दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची. असे त्याचे बरेच नियम होते. राजपालला शिकवताना तो मशिनीत मुद्दाम एक खोट ठेवायचा, कधी सैल वायर, कधी ढिला स्क्रू, आणि म्हणायचा, "हुडीक." खोट सापडेपर्यंत चहाला हात लावायचा नाही. पहिलं वर्षभर राजपाल गारच चहा प्याला.

कूलर कलबुर्गीहून बसने आला. रविवारी सकाळी राजपालच्या टेबलावर खोकं उघडलं, तेवढ्यात तुरीचे व्यापारी आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष वीरभद्रप्पा दारात उभे राहिले. त्यांच्या मुलीचं, सौम्याचं, लग्न ठरलं होतं.

"दोघं एकाच जागी घावलाव, बरं झालं," ते म्हणाले. "मांडवात दोन मोठ्या स्क्रीन लावायच्या हायत. एक श्रीमंतची, एक तुझी. ज्याची चांगली चालंल, जत्रेतल्या स्क्रीनचं काम त्याचं."

जत्रेचं काम अठरा वर्षं श्रीमंतचं होतं. ते दुसऱ्या कुणाचं असू शकतं, हेच त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

वीरभद्रप्पा गेले. राजपाल चहा सांगायला बाहेर पडला. श्रीमंतच्या हातात कूलरचा पंप होता. त्याच्या तांब्याच्या तळाला पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं असतं. ते काढायचं, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी ठेवायची, वर पंप दाबून कसायचा. प्लास्टिक राहिलं तर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. साध्या कामाला ते कळत नाही. मोठा भार पडला की मशीन तापते आणि बंद होते.

श्रीमंतने प्लास्टिक काढलं नाही.

राजपाल चहा घेऊन आला तेव्हा शेवटचा स्क्रू कसून झाला होता. मशीन सुरू केली. आवाज नाही, नुसता निळा उजेड. श्रीमंत आपला चहा पिऊन उठला. राजपालचा कप भरलेलाच होता.

"चहा घे की. गार व्हायलाय."

"घेतो, उस्ताद. तुमी व्हा पुढं."

पुढचे आठ दिवस तो निळा उजेड रस्त्यापलीकडून श्रीमंतच्या डोळ्यांत खुपत राहिला. मशीन काही बंद पडली नाही. अजून मोठं काम पडलं नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. नवव्या दिवशी न राहवून तोच, तसाच कूलर मागवला. राजपालची स्क्रीन काळी होईल तेव्हा आपली झळकली पाहिजे, आणि तीही अशीच, आवाज न करता. बसवायला राजपाललाच बोलावलं. नियम तो नियम.

राजपालने एकट्यानेच, पाठमोरं बसून, तासाभरात काम उरकलं.

"तुमी बसिवलाव तसंच बसिवलो, उस्ताद. एकदा उघडून बघा."

"तुझ्या हाताचं काय बघायचंय? चहा घे."

राजपाल जरा घुटमळला. मग चहा पिऊन गेला.

लग्न भर दुपारचं होतं. चार कॅमेऱ्यांचं चित्र दोघांच्याही मशिनीत एकदम येत होतं. श्रीमंतची स्क्रीन स्टेजच्या डाव्या अंगाला, राजपालची उजव्या. श्रीमंतचं लक्ष सगळं उजवीकडे. आता जाईल, मग जाईल.

अक्षता पडायला लागल्या आणि मांडवात एकदम कुजबुज उठली. श्रीमंतने समाधानाने श्वास सोडला. पण उजवीकडच्या स्क्रीनवर नवरानवरी हसत होती. लोक वळून डावीकडे बघत होते.

त्याची स्क्रीन काळी होती.

त्याने बटण दाबलं. मशीन दोन मिनिटं चालली, परत बंद. वीरभद्रप्पांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि आपली खुर्ची उजवीकडे वळवून घेतली.

राजपाल स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावत आला. डबा उघडला, पंप उचलला, तळाचं पातळ प्लास्टिक नखाने सोलून काढलं आणि श्रीमंतच्या तळहातावर ठेवलं.

"तुमी ठिवलेली खोट मी त्याच दिशी हुडकलो, उस्ताद. काढलो, मगच चहा पिलो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी ठिवलेली तुमाला घावली न्हाई व्हय?"