भोंग्याचं तोंड

"महाराज, तुमचा भोंगा माझ्या वर्गाकडे का फिरवलाय?" सुचिताने देवळाच्या पायरीखालूनच विचारलं.

भगवंतराव महाराज टाळांच्या दोऱ्या बांधत बसले होते. शेजारी कृषी केंद्रवाले माणिकराव बशीत चहा ओतत होते.

"भोंगा देवाचा हाय ताई," महाराज म्हणाले. "जिकडं कान असतीन, तिकडं त्याचं तोंड."

माणिकराव हसले. "कम्प्यूटर शिकवून पोरीयले कोठं धाडता मॅडम? अमेरिकेले?"

सुचिताने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ती मोताळ्याहून यायची. गावच्या शाळेत मुलींसाठी कोडिंगची कार्यशाळा, आठवड्याला एक सत्र. आधी रविवारची सकाळ ठेवली. पहिल्या रविवारी खोली भरली. दुसऱ्या रविवारी दहावीतली राखी तेवढी आली, तीही धापा टाकत. मग सुचिताने गुरुवारची संध्याकाळ धरली. राखी म्हणाली, "वेळ मले आधी सांगत जा मॅडम. मी पोरीयले घेऊन येईन."

तिने आणल्याही. पण त्याच गुरुवारी, नेमक्या त्याच वेळेला, देवळात कीर्तन उभं राहिलं. सुचिताने मंगळवार केला, कीर्तन मंगळवारी आलं. तिने वर्ग थोडा उशिरा ठेवला, तर टाळही उशिरा वाजले. आपली वेळ कुणीतरी तिकडे पोचवतंय, हे तिला दिसत होतं.

मुलीही यायच्या त्या कपाळाला बुक्का लावून. म्हणजे आधी तिकडे हजेरी, मग इकडे.

महाराजांचा गळा गोड होता, हे तिला रागातही नाकारता येत नव्हतं. मृदंगावर थाप पडली की टेबलाखाली तिचाच पाय हलायचा. पण कथा संपली की महाराज तीच कथा थोडक्यात, सावकाश, बालवाडीत सांगावी तशी पुन्हा सांगायचे. मुलींची बोटं कीबोर्डवर थांबायची, ओठ पुटपुटायचे. तिथे मात्र सुचिताचं डोकं उठायचं.

येत्या मंगळवारी शेवटचं सत्र होतं. बुलढाण्याहून कम्प्यूटर देणाऱ्या संस्थेची माणसं येणार होती. भरलेला वर्ग दिसला तर कम्प्यूटर गावातच राहणार, नाहीतर दुसऱ्या गावाला जाणार. राखीने कपाशीवरची बोंडअळी टिपायचा खेळ तयार केला होता. तो दाखवताना मागे भोंगा नको होता.

"मंगळवारी कीर्तन बंद ठेवा," सुचिता म्हणाली. "नाहीतर ठाण्यात अर्ज देते."

महाराजांनी माणिकरावांकडे पाहिलं, मग हातातल्या टाळांकडे. "तेवढं नका करू ताई. नुकसान तुमचंच होईन."

"धमकी देताय?"

"विनंती करून राह्यलो. कधी एकट्या या, निवांत बोलू."

"एकटी कशाला? जे बोलायचं ते यांच्यासमोर बोला."

महाराज दोरीला उगाचच आणखी एक गाठ मारत राहिले.

"पाह्यलं?" माणिकराव म्हणाले. "शिकलेली बाई म्हणजे अशी."

सुचिता तिथून सरळ ठाण्यात गेली. भोंगा उतरला. गावात तंटा नको म्हणून सरपंचांनी मंगळवारचं कीर्तनच रद्द केलं.

मंगळवारी संध्याकाळी देऊळ चिडीचूप होतं. सुचिताने कम्प्यूटरचा एकेक पडदा पुसून ठेवला. संस्थेची माणसं येऊन बसली. चहा झाला. त्यांच्यातल्या बाईंनी दाराकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

एकही मुलगी आली नाही.

"आलेच मी," म्हणत सुचिता निघाली. राखीचं घर विचारत विचारत जवळजवळ पळतच गेली. कडी वाजवली.

दार माणिकरावांनी उघडलं.

ती क्षणभर गडबडली. "राखी... इथेच राहते?"

"माही पोरगी हाय. काऊन?"

"तिला पाठवा ना लवकर. सगळे थांबलेत."

"कोठं पाठवू?" माणिकरावांनी दाराच्या चौकटीला हात लावला. "तुमच्या क्लासले तं पहिल्याच रविवारी नाही म्हणलं होतं मी. आमच्या पोरी संध्याकाळी एका कीर्तनाले तेवढ्या जात. मी दुकानावर राह्यतो, पण घरी आलो का इचारतो, महाराजानं आज काय सांगतलं. एक शब्द चुकत नव्हता तिचा. ते बी तुम्हीच बंद पाडलं."