दोस्ताचा अबोला

गावच्या कोर्टात दोघे वकील खटल्यात एकमेकांची सालटी काढायचे आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायचे. पुढे एक जण दुसऱ्यालाच निवडणुकीत पाडून आमदार झाला, तरी दोस्तीत तसूभर फरक पडला नाही. पण आमदारकी संपल्यावर तो त्याच कोर्टात न्यायाधीश झाला आणि दोस्ताने पाठच फिरवली. समोरून दिसला की रस्ता बदलायचा. ‘माझी खुर्ची याच्या डोळ्यांत खुपतेय,’ असं समजून न्यायाधीश आतल्या आत कुढत राहिला. तो निवृत्त झाला, त्याच संध्याकाळी दोस्त दारात हजर!

“इतकी वर्षं कुठे मेला होतास रे?”

“तुझ्याच कोर्टात तुझ्यासमोर खटले भांडत होतो की,” दोस्ताने त्याला मिठी मारली. “माझ्या बाजूने निकाल दिलास, तर तुझ्याकडे कोणी बोट दाखवायला नको, म्हणून लांब राहिलो.”