ओट्याचं माप

"मॅडम, जरा कणीक मळल्यासारखं करा," पांचाळ मिस्त्री टेप उघडत म्हणाले. नव्या फ्लॅटमधल्या ओट्याची उंची ठरवायची होती. घरातल्या बाईनं कोपर वाकवायचं आणि मिस्त्रींनी त्याच्या चार बोटं खाली भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची, ही त्यांची तीस वर्षांची रीत.

लॅपटॉपमधून मान वर करत मॅडम हसल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "माप ह्याचं घ्या, काका. स्वयंपाक तोच करतो. भाड्याच्या घरातल्या बुटक्या ओट्यानं त्याची पाठ पार कामातून गेली."

मिस्त्री चाट पडले. सहा फुटी साहेब खरोखरच पुढे आले आणि हवेतल्या हवेत सराईतपणे कणीक तिंबू लागले. खूण चाळीस इंचांवर गेली.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले, तेव्हा त्यांची बायको कमल भाकऱ्या थापत होती. चांगली उंचीपुरी बाई, पण कमरेला पट्टा बांधून ओट्यावर निम्मी वाकलेली. पट्टा मिस्त्रींनीच आणून दिला होता. ओटाही त्यांनीच केला होता, लग्नाआधी, आईच्या मापाचा. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

"सरळ उभी राहा गं जरा. कोपर वाकव."

तिनं पिठाच्या हातानंच वाकवलं. मिस्त्रींनी भिंतीवर खूण केली आणि टेप लावली. ओटा खुणेच्या सात इंच खाली होता.

"कुणाच्या घरचं माप घेताय?" कमलनं विचारलं.