प्रभाग महिला राखीव

कुळगावातला प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि सुनेत्राबाई तिकिटाच्या मुलाखतीला जाऊन बसल्या. उभा जन्म शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेला होता. आता एकदा ते वापरून बघायची हौस होती. हॉलबाहेर बाकीच्या इच्छुक बायका नव्या साड्या नेसून गप्प बसल्या होत्या. त्यांचे नवरे मात्र फोनवर "हां भाई, तिकीट आपलंच समज" म्हणत येरझाऱ्या घालत होते.

आत टेबलापलीकडे चार-पाच जणांच्या मध्ये अभिजीत बसला होता. बाईंचाच जुना विद्यार्थी, आता पक्षाचा मोठा पदाधिकारी.

"बसा बाई. आज परीक्षा आम्ही घेणार," तो हसत म्हणाला.

नगरपालिकेची कामं कोणती, बजेट कोण मंजूर करतं, बारवी धरणाच्या पाण्यासाठी कोणाशी भांडायचं, बाईंनी सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी कोणीतरी गंमत म्हणून विचारलं, "लोकशाही म्हणजे काय? एका वाक्यात सांगा."

"लोकांनी ज्याला निवडलं, निर्णय त्यानेच घ्यायचा, त्याच्या नावावर दुसऱ्या कोणी नाही."

टाळ्या पडल्या. अभिजीतने तर उठून बाईंना वाकून नमस्कार केला.

"बाई, पैकीच्या पैकी! फक्त एकच अडचण आहे."

त्याने आवाज खाली आणला.


"मिस्टर तर गेले तुमचे. निवडून आल्यावर काम बघायला घरात मुलगा वगैरे कोणी आहे का?"