येऊ का आत?

क्लूज शहरातल्या इस्पितळात विदूषक होऊन मुलांच्या वॉर्डात फिरणाऱ्या सोरिनला एकच नियम होता: दार वाजवून विचारायचं, आणि पोर 'नको' म्हणालं तर मुकाट्याने पुढे जायचं. बाकीची पोरं त्याला बघूनच खिदळायची. आठ वर्षांची इलिंका मात्र रोज ओरडायची, "नको! चालता हो, टोमॅटोनाक्या!"

शेवटी तोही वैतागला. आज तिचं दार न वाजवताच तो पुढे सटकला, तर नर्स मीरुना मागून धावत आली.

"काय हो, आमच्या बाईसाहेबांना विसरलात?"

"कशाला जाऊ? रोज हाकलून देते."

"मग? सकाळपासून तिला सुया टोचल्या, नाकात नळी घालून तपासलं. कुणी विचारलं का तिला, कुणी ऐकलं का तिचं 'नको'? सुपाला तोंडही लावलं नाही, कधीची दाराकडे डोळे लावून बसलीये."

सोरिनने लाल नाक नीट बसवलं आणि दार वाजवलं. "येऊ का आत?"

इलिंका उशीवरून ताठ उठून बसली. "नको! चालता हो!" आवाज पार जिन्यापर्यंत गेला.

मीरुनाने आत जाऊन सुपाची वाटी उचलली. "झालं! आता जेवेल पोटभर."